अंबरनाथच्या एका ग्राहकाच्या अनुभवावरून

२७ सप्टेंबर

लॅपटॉप घेतला. कुमुदिनीने मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग लावलाय. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की पडद्यावरच पेनने लिहायला हवं, म्हणजे अक्षराचं वळण चुकलं तर त्या तिकडून लगेच दाखवू शकतात. बासष्टाव्या वर्षी बायकोला जुने कागद वाचायची हौस आली आहे. येऊ दे. तिने स्वतःसाठी माझ्याकडे याआधी कधी काही मागितल्याचं मला आठवेना, म्हणून मी फार घासाघीसही केली नाही.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये लखीशेठ या सिंधी व्यापाऱ्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे गेलो. काउंटरवर सोनिया नावाची बाई, पस्तिशीची, चिखलोलीची. आम्ही अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहतो म्हटल्यावर म्हणाली, "मग आपण शेजारीच की, काका." मला अशी जवळीक आवडत नाही, पण उत्तरं तिने बरी दिली. मी घरून प्रश्न ठरवूनच गेलो होतो. एमआयडीसीतल्या कारखान्यात मेन्टेनन्सला जन्म गेला. वस्तू घेताना विकणाऱ्याला घाम फुटला पाहिजे असं माझं मत आहे.

"पडदा पूर्ण मागे वळतो?"

"वळतो ना. हे बघा, पाटीसारखा झाला."

"मग कीबोर्ड खाली येणार. मांडीवर घेतला की बटणं दाबली जाणार."

"नाही काका. पडदा मागे गेला की कीबोर्ड आपोआप बंद होतो."

"लिहिताना तळहात टेकला तर?"

"पेन जवळ असलं की तो हाताकडे लक्षच देत नाही. पण पेन डब्यात येत नाही हां, वेगळं घ्यावं लागतं. आधीच सांगते. नंतर गिऱ्हाईक भांडतात."

"आणि बिजागरी?"

"तिच्यात काही अडकू देऊ नका. मग ती तुम्हाला-मला पुरून उरेल."

कुमुदिनीने तिथेच पडदा पाटीसारखा केला आणि पेनने मोडीत स्वतःचं नाव लिहिलं. सोनियाने ते शेठला नेऊन दाखवलं. कुमुदिनी रिक्षात स्टेशन येईपर्यंत हसत होती.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

कारखान्यात या दिवशी लेथपासून क्रेनपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडायच्या. निवृत्त झाल्यापासून पूजेला घरात यंत्रच उरलं नव्हतं. मिक्सरची पूजा करायला मन धजत नाही. यंदा लॅपटॉप मांडला. अर्धा उलटा करून तंबूसारखा पाटावर उभा केला, पडद्यावर देवीचा फोटो लावला. फार शोभून दिसलं. वरच्या कडेला हळदकुंकू लावलं, माळ घातली. अक्षता कुमुदिनीने कुंकवात कालवून ठेवल्या होत्या, जरा ओलसरच. उत्साहाच्या भरात मी चांगल्या मूठभर वाहिल्या.

कुमुदिनी म्हणाली, "अहो, बेताने." मी म्हणालो, देवाच्या कामात कंजुषी नको.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा उचलून लॅपटॉप वर्गासाठी पाटीसारखा वळवला. किंचित कट् असा आवाज आला. नवी बिजागरी घट्ट असते, सुटेल.

संध्याकाळी कुमुदिनीने हाक मारली. पडद्याच्या खालच्या कडेपासून वर एक तडा गेलाय. पेन न टेकवता पडदा आपोआप रेघोट्या मारतो. बाई तिकडून विचारत होत्या, "कुमुदिनीताई, हे कोणतं अक्षर काढताय?" तिने वर्ग बंद केला आणि श्रीखंडाच्या वाट्या भरायला उठली. तिच्या अशा न बोलण्याचा मला जास्त त्रास होतो.

४ ऑक्टोबर

आज झालं ते सगळं नीट लिहून ठेवतो.

आम्ही दोघं दुकानात गेलो. शेठ कल्याणला गेले होते. सोनियाने लॅपटॉप दिव्याखाली धरला, बिजागरीच्या फटीत डोकावली, चिमट्याने काहीतरी उचललं आणि कागदाच्या तुकड्यावर ठेवलं. कुमुदिनी तिच्या बाजूला उभी होती. दोघींनी ते पाहिलं. मी खिशातून चष्मा काढेपर्यंत कुमुदिनीने कागद मिटलासुद्धा.

"काय आहे?" मी विचारलं.

सोनियाने आधी कुमुदिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाहेरचं काहीतरी अडकलं होतं, काका. त्याच्यावर घडी पडली. हे वॉरंटीत नाही बसणार."

"बाहेरचं म्हणजे?"

"कचरा असेल."

माझ्या घरात कचरा! मी तिला म्हणालो, बाई, मी आयुष्यभर यंत्रं सांभाळली आहेत, तू मला शिकवू नकोस. ती खाली मान घालून म्हणाली, "वापरताना होतं असं कधी कधी. तुमचीच चूक असं नाही म्हणत मी." म्हणजे काय म्हणाली? माझीच चूक असंच म्हणाली. दुकानात पाच-सात माणसं होती. एकजण हसला. कुमुदिनी माझी बाही ओढत होती, "चला, आपण बघू काय ते."

खराब माल गळ्यात मारायचा आणि वर गिऱ्हाइकाच्या घराला कचरा म्हणायचं. चोराच्या उलट्या बोंबा. मी दारातून सांगून आलो की हे तुला महागात पडेल. ती "बरं काका" म्हणाली. ते "बरं काका" मी विसरणार नाही.

५ ऑक्टोबर

राग उतरत नाही. उतरू नये असं वाटतं.

मला कचरा शिकवते! एका वर्षी खंडेनवमीनंतर दुसऱ्या शिफ्टला मोठी मोटर बसली. मी स्वतः उघडली तर बेअरिंगमध्ये अक्षतेचे दाणे. त्या दिवसापासून कारखान्यात हुकूम काढला की यंत्राला फूल वाहा, कुंकू लावा, पण तांदळाचा दाणा जवळ आणायचा नाही. लोक मला नास्तिक म्हणाले. म्हणू देत. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला ही काउंटरवरची बाई कचऱ्याबद्दल सांगते.

कुमुदिनीला ही आठवण सांगितली. ती डाळ निवडत होती. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "चहा ठेवू का?"

८ ऑक्टोबर

मार्ग सापडला. दुकानाचं इंटरनेटवर एक पान आहे. प्रत्येक वस्तूखाली गिऱ्हाईक प्रश्न विचारतात आणि दुकान उत्तर देतं. आमच्याच लॅपटॉपखाली ढीगभर प्रश्न. बोटांचे डाग पुसायचे कशाने, मुलाच्या अभ्यासाला चालेल का, आडवा धरला की चित्र आडवं होतं का. प्रत्येक उत्तराखाली लिहिलेलं, सोनिया. म्हणजे हे काम तिचंच. प्रश्न विचारायला फक्त नाव-गाव टाकायचं, कोण आहात ते कुणी तपासत नाही.

पहिला प्रश्न टाकला. नाव अक्षय, गाव बदलापूर. "घडी घालताना या लॅपटॉपला तडा जातो असं ऐकलं. सोनिया मॅडम, खरं का?"

तासाभरात उत्तर आलं. "नमस्कार अक्षयजी, प्रश्नाबद्दल आभार. मध्ये काही अडकलं नसेल तर तडा जात नाही. दुकानात या आणि स्वतःच्या हाताने हवी तितकी घडी घालून बघा. – सोनिया."

प्रश्नाबद्दल आभार म्हणे. बघतो किती दिवस आभार मानते.

९ ऑक्टोबर

आज गोदूबाई झालो. "मी म्हातारी बाई आहे. माझ्या पेन्शनीतून नातवाला लॅपटॉप घ्यायचा आहे. तुमच्याकडची सोनिया गोड बोलून खराब माल देते असे कळले, तरी खुलासा करावा."

लिहून झाल्यावर मला स्वतःलाच गोदूबाईची दया आली. जमलं होतं.

उत्तर: "नमस्कार आजी. असं ऐकून वाईट वाटलं. नातवाला घेऊन या, मी स्वतः दाखवेन. जिना नाही, दुकान खालीच आहे. चहा घेऊन जा. – सोनिया."

हिच्या नाकाला मिरच्या झोंबायला हव्यात, तर ही चहाला बोलावते. गेंड्याची कातडी आहे.

११ ऑक्टोबर

कुमुदिनी बदलापूरला अनुयाकडे गेली होती. अनुया तिची मावसबहीण. येताना थकलेली होती. मोडीचा वर्ग सध्या फोनवर बघते, लिहिते वहीत, आणि फोटो काढून बाईंना पाठवते. बाई दुसऱ्या दिवशी चूक कळवतात, तोवर तीच चूक हिने पानभर गिरवलेली असते. मी म्हणालो, थोडं थांब, तुझ्या एकेका दिवसाची भरपाई घेतोय. ती म्हणाली, "मला भरपाई नकोय हो." बायकांना ह्या गोष्टी कळत नाहीत. माणूस एकदा नमला की जग त्याला पायपुसणं करतं.

१३ ऑक्टोबर

मुंगीच्या चालीने काही होत नाही. आज दौलतराव जन्माला घातले. निवृत्त अधिकारी, अंबरनाथ. "सोनिया मॅडम काउंटरवर नवीन लॅपटॉप दाखवतात आणि डब्यात दुरुस्त केलेला घालून देतात. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांना हा अनुभव आला आहे. त्या नात्यागोत्याचा आव आणतात, त्यामुळे माणूस गाफील राहतो. शेठ याची दखल घेतील काय?"

हे असं घडल्याचं मला माहीत नाही. पण घडत नसेल कशावरून? आमचाच तसा नसेल कशावरून? टाकताना बोट थोडं अडखळलं. मग ते "बरं काका" आठवलं आणि टाकलं.

१४ ऑक्टोबर

उत्तर आलं नाही. दिवसभरात मी किती वेळा पान उघडलं ते कुमुदिनीने पाहिलं. "शेअर बाजारात पडलात की काय?" म्हणाली.

संध्याकाळी आलं. "सर, हे खरं नाही. डबा गिऱ्हाइकासमोर फोडतो. कोणत्या दोन कुटुंबांना अनुभव आला ते कृपया सांगावं. – सोनिया."

नमस्कार नाही. आभार नाही. आज जेवण गोड लागलं.

१५ ऑक्टोबर

खरी माणसं बोलू लागली. कुणीतरी लिहिलंय, "मलाही त्या मॅडमचा संशय आला होता." आणखी एक, "सोनिया सोडून दुसरं कोणी दाखवायला असेल तर येतो." यातला एकही मी नाही. एकदा ठिणगी पडली की गवताला फुंकर घालावी लागत नाही.

गंमत अशी की यातच एका बाईने विचारलं होतं, हे पेन चार्ज करावं लागतं का, आणि सोनियाचं उत्तर दुपारपर्यंत आलं नव्हतं. मला राहवलं नाही. गोदूबाईच्या नावाने उत्तर दिलं की बाई, आत बारीक सेल असतो, तो बदलायचा. बाईने आजींचे आभार मानले.

१७ ऑक्टोबर

मोठी बातमी. लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी आला. तडा नाही, रेघोट्या नाहीत, नवा पडदा. मी भाजी आणायला गेलो होतो तेव्हा माणूस नेऊन गेला होता म्हणे, आणि आज आणून दिला. "कुणाचा माणूस?" विचारलं तर कुमुदिनी म्हणाली, "त्यांचाच." म्हणजे घाबरले. दौलतरावांनी काम केलं.

मी कुमुदिनीला म्हणालो, बघ, सरळ बोटाने तूप निघत नाही. ती पडदा पुसत होती. म्हणाली, "झालं ना आता तुमच्या मनासारखं? मग सोडा हे."

सोडायचं का? वस्तू परत मिळाली हे खरं. पण अपमान कुठे परत मिळाला? त्याची भरपाई वेगळी. दौलतरावांनी आज पुन्हा लिहिलं, "सोनिया मॅडमच्या नावाने तक्रारी असताना शेठ गप्प का?"

२४ ऑक्टोबर

दिवाळी पार पडली. भाऊबीज आटोपून आज मी एकटाच कॅम्प एकला गेलो. डोक्याला टोपी घातली होती, उगाच ओळख नको. मनात म्हटलं, चेहरा तर बघू तिचा.

सोनिया नव्हती. काउंटरवर सनी नावाचा माणूस. त्याला विचारलं, पडदा पूर्ण मागे वळतो का? "वळत असेल, सर," म्हणाला. पेन डब्यात येतं का? "सगळं येतं." खोटं. पडदा मागे गेल्यावर कीबोर्ड बंद होतो का? त्याने कीबोर्डकडेच पाहिलं, जणू तो सांगणार होता.

लखीशेठ आतून आले. टोपीचा काही उपयोग झाला नाही. "अरे साईं, आप! काकींचा पडदा चल रहा है ना ठीक से?"

मी म्हणालो, चालतो. सोनिया कुठे आहे?

शेठ गल्ल्यामागे बसले. "निकालना पडा. दिवाळीच्या सीझनला गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, सोनिया है क्या, तो हम नहीं आते. बदलापूरच्या क्लासवाल्यांची मोठी ऑर्डर होती, ती पण गेली. लड़की सच्ची थी, साईं. पर नाम खराब हो गया. दुकान नाम पे चलता है."

मला जे हवं होतं ते मिळालं. दुकानातून बाहेर आलो, एक ग्लास उसाचा रस प्यायलो. विजयाचा आनंद होतो आहे. फक्त शेठ "सच्ची थी" म्हणाले ते खटकलं. आणि कुमुदिनीच्या पडद्याची त्यांना इतकी काळजी का, तेही.

कुमुदिनीला सांगितलं की त्या बाईला काढलं. तिच्या हातातलं पेन खाली पडलं. "काढलं?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भाजी करपली आज.

२६ ऑक्टोबर

कुमुदिनी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण कामापुरतं. पुन्हा अनुयाकडे जाऊन आली. डोळे सुजलेले. अनुयाच्या घरी कुणाचं काही बरंवाईट झालं का विचारलं तर नाही म्हणाली.

पान उघडलं. प्रश्न येतच आहेत, उत्तरं सनी देतो. एकाने विचारलं, पाणी सांडलं तर? सनीचं उत्तर, "नो प्रॉब्लेम सर." माझा हात शिवशिवला. असली उत्तरं देणाऱ्याला मी कारखान्याच्या फाटकावरसुद्धा ठेवला नसता.

३ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

काय लिहू?

गॅलरीत तुळस सजवली होती. शेजारची दोन घरं आली होती. मंगलाष्टकं कुमुदिनीने लॅपटॉपवर लिहून घेतली होती, मोठ्या अक्षरात, म्हणजे सगळ्यांना वाचता यावीत. तंबूसारखा करून स्टुलावर ठेवला होता. मी सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या. पहिलं कडवं संपून "सावधान" म्हटलं, हात वर गेले, आणि कुमुदिनीने धावत जाऊन लॅपटॉप उचलला. छातीशी धरला, पदराने झाकला आणि तशीच आत गेली. लग्न अर्धवट. शेजारच्या बाईंनी पुढचं पाठ म्हटलं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, हा काय वेडेपणा?

ती देवघरात गेली, कुंकवाचा करंडा आणला, त्यातून एक कागदाची पुडी काढली. पुडीत तांदळाचा दाणा. अर्धा चेपलेला, लाल.

"हा त्यातून निघाला," ती म्हणाली. "सोनियाने चिमट्याने काढला तोच. खंडेनवमीचा."

मी पुडी हातात घेतली.

"मग त्या वेळीच का नाही सांगितलंत दोघींनी?"

"मीच तिचा हात दाबला. लोकांसमोर तुम्हाला खाली बघायला लागलं असतं, म्हणून ती कचरा म्हणाली. शिव्या खाल्ल्या, पण दाण्याचं नाव काढलं नाही."

"घरी आल्यावर सांगायचंस."

"सांगितलं असतं तर राग कोणावर निघाला असता?" कुमुदिनी शांतपणे म्हणाली. "माझ्यावर. तांदूळ मी कालवले होते, ओले कालवले, इथून सुरू झालं असतं आणि मकरसंक्रांतीपर्यंत चाललं असतं. मला वाटलं, दोन दिवस दुकानावर चिडाल आणि विसराल. ती नाहीतरी परकी. मीही स्वार्थीच, दुसरं काय. तिची नोकरी जाईल असं मनातसुद्धा आलं नाही माझ्या."

पडदाही सोनियानेच, शेठच्या कानावर घालून, बदलून आणून दिला होता. घरून कुणी माणूस नेऊन गेला नव्हताच; तिच्या ओळखीच्या कारागिराकडे कुमुदिनीनेच लॅपटॉप दिला, अनुयाकडे जाते सांगून. त्यांचाच माणूस म्हणजे सोनियाच होती. माझे प्रश्न वाचून, त्यांची उत्तरं देऊन, ती माझ्याच घरी लॅपटॉप पोचवायला आली होती. "अक्षय आणि दौलतराव तुम्हीच ना?" असं कुमुदिनीने मला विचारावं हेच राहिलं होतं. तेही तिने विचारलं. ही नावं तिला मी कधी सांगितली नव्हती; मी पान उघडून बसायचो तेव्हा तिने वाचली असणार.

मी त्या पाच ऑक्टोबरचं पान आत्ता वाचलं. बेअरिंग, दाणे, हुकूम. माझ्याच हाताने लिहिलंय. कारखान्यात ते यंत्र होतं. घरी पाटावर मांडलं म्हटल्यावर मी त्याच्याकडे यंत्र म्हणून पाहिलंच नाही.

५ नोव्हेंबर

चिखलोलीला गेलो. नव्या इमारतींच्या मागे जुनी घरं राहिली आहेत, त्यातलं एक. ओट्यावर तिची सासू, कौसाबाई, पावट्याच्या शेंगा सोलत होती.

"कोन पायजे?"

"सोनिया आहे का?"

"हाय. तुमी कोन? दुकानाचं का? दुकानाचं असाल तं जावा. लय रडवली पोरीला तुमी."

मी म्हणालो, दुकानाचा नाही. त्यापेक्षा वाईट आहे. तिला ते समजलं नाही, तिने आत हाक मारली.

सोनिया बाहेर आली. मला बघून दचकली नाही. "या काका" म्हणाली, खुर्ची दिली. मी येताना वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी गेली. पुडी काढून तिच्यासमोर धरली आणि म्हणालो, ते सगळं मी लिहिलं. अक्षय मी, गोदूबाई मी, दौलतराव मी. दुरुस्त केलेल्या मालाचं खोटं होतं. माझं चुकलं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "दौलतराव अंबरनाथचे, आणि मी नात्यागोत्याचा आव आणते म्हणतात. शेजारीच की असं मी त्या महिन्यात एकाच माणसाला बोलले होते."

"मग शेठना का नाही सांगितलंस?"

"काकूंना शब्द दिला होता. आणि मला वाटलं, दमाल."

कौसाबाईचे हात थांबले होते. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, शेंगांची टोपली फेकून मारते की काय. मारली असती तर बरं झालं असतं.

मग सोनिया म्हणाली, "काका, तुमच्या इतक्या प्रश्नांची उत्तरं मी दिली. माझा एकच आहे. दरवेळी माझं नाव का लिहिलंत? राग दुकानाचा होता ना? दुकानाचं लिहिलं असतं तर दुकान उभं राहिलं असतं, त्यांना काय होतं? माझ्याकडे नावाशिवाय काय होतं तिथे?"

चहा न घेता उठलो. तिने "पुन्हा या" म्हटलं नाही.

उत्तर आहे, ते इथे लिहितो, कारण तिच्यासमोर तोंड उघडलं नाही. लखीशेठचं नाव लिहायची मला भीती वाटली. शेठकडे वकील असणार, ओळखी असणार. खोटं पकडलं तर मला खेचतील. सोनिया मला काय करणार होती? म्हणून तिचं नाव लिहिलं. स्वाभिमान, अपमान, भरपाई वगैरे जे मी महिनाभर लिहिलंय त्याच्या खाली एवढंच होतं. मी मऊ लागलं तिथे कोपराने खणलं.

६ नोव्हेंबर

शेठकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं. "साईं," ते म्हणाले, "आता काय करू? सनीला ठेवला. गिऱ्हाईक दाण्याची गोष्ट ऐकायला नाही येत." मग गल्ला बंद करत, "आपकी उमर देख के चुप हूँ."

घरी येऊन त्या पानावर माझ्या पूर्ण नावाने, पत्त्यासकट लिहिलं की अक्षय, गोदूबाई आणि दौलतराव ही माणसं नाहीत, तिन्ही मीच आहे, लॅपटॉपला काही दोष नव्हता, दाणा माझ्या मुठीतला होता, आणि सोनिया यांच्याबद्दल लिहिलेला प्रत्येक शब्द खोटा आहे. कुमुदिनीला दाखवलं. तिने एक ओळ घालायला सांगितली, तांदूळ ओले कालवणारी मी. मी ती घातली नाही. यावेळी तरी एकट्याने भोगू दे म्हटलं.

७ नोव्हेंबर

पान उघडलं तर त्या लॅपटॉपखालचे सगळेच प्रश्न गेलेले. जुने, नवे, खरे, खोटे, सगळे. शेठना विषय संपवायचा असणार. माझं खोटं तिथे महिनाभर नांदलं. खरं एक रात्रसुद्धा टिकलं नाही. ज्यांनी खोटं वाचलं ते आता खरं वाचायला कुठून येणार?

२३ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. कुमुदिनीला मोडीची परीक्षा आहे, ती पेन घेऊन बसलेली असते. माझ्याशी बोलते आता. काल पडद्यावर काहीतरी लिहून हसली. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "आज भाजी तुम्ही करा, असं." मी केली.

आज अनुयाचा फोन आला. बदलापूरला स्टेशनजवळ एक नवं दुकान निघालंय आणि सोनिया तिथे लागली आहे. दुकान लहान आहे, पण त्यांचंही पान आहे. ते उघडलं. तोच लॅपटॉप आहे तिथे, खाली प्रश्न आहेत. पडदा पूर्ण मागे वळतो का? पेन डब्यात येतं का? नमस्कार, प्रश्नाबद्दल आभार. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खाली बनूबाई नावाच्या एका बाईंचा प्रश्न होता. मुलाला घेऊन देतेय, घरी आणल्यावर पूजा केली तर चालते ना, काही बिघडत नाही ना?

उत्तर असं होतं: "नमस्कार बनूताई, प्रश्नाबद्दल आभार. पूजा जरूर करा. झाकण बंद ठेवा, वर फूल वाहा, कुंकवाचं बोट लावा. अक्षता तेवढ्या ताम्हनातच राहू द्या, बिजागरीत दाणा गेला तर पडद्याला तडा जातो. अंबरनाथच्या एका ग्राहकाच्या अनुभवावरून सांगते. – सोनिया."

ती माझं नाव लिहू शकली असती. नाव, हुद्दा, शिवमंदिराजवळचा पत्ता, सगळं तिच्याकडे आहे, आणि एक शब्दही खोटा झाला नसता. पानावर मी खूप वेळ माझं नाव शोधत राहिलो. नव्हतं.

कुमुदिनीला ते वाचून दाखवलं. पेन खाली ठेवून तिने ऐकलं. मग विचारलं, "अजून राग आहे का?"

आहे, म्हणालो. कुणावर ते तिने विचारलं नाही.